ताटावरचा हात

अठ्ठ्याण्णवच्या होळीला निफाडचे साडू भास्कररावांकडे एकलहऱ्याला जेवायला आले होते. "भाऊजी, आणखी एक पोळी घ्याच, माझी शपथ आहे," असे म्हणत सुमनताई त्यांना वाढत होत्या आणि साडू ताटावर आडवा हात धरून "नको, नको" करत होते. रक्तात साखर निघाल्यापासून भास्कररावांना मोजून अर्धी पुरणपोळी मिळे. साडूंचे ताट त्यांच्या डोळ्यांत खुपत होते.

"ताई, यांनाही वाढा की," साडू म्हणाले.

"त्यांचं पथ्य आहे. त्यांना आग्रह करून कसं चालेल?"

थोड्या वेळाने सुमनताई काकडीची कोशिंबीर घेऊन भास्कररावांसमोर वाकल्या. "अहो, ही तरी घ्या आणखी."

भास्कररावांना कोशिंबीर हवी होती. तरीही त्यांनी ताटावर आडवा हात धरला आणि सुमनताई दुसऱ्यांदा कधी म्हणतात, याची वाट पाहू लागले.