बोटीवर नेसायची पैठणी

"ताई, तुमची ती जांभळी पैठणी द्याल का? आठवड्यात परत आणून देते," श्रेयाने विचारलं, आणि लसूण सोलणारे इंद्रायणीचे हात थांबले.

धाकटी जाऊ काही मागायला दारात आली, ही गोष्ट सुखाची होती. कशासाठी आली, ते मात्र गिळवत नव्हतं. दीर सुदर्शनचं नारायणगावात खता-औषधांचं दुकान. ज्यांनी जास्त माल खपवला त्या दुकानदारांना औषधाची कंपनी जोडीने सिंगापूरला नेणार होती, आणि तिथून मोठ्या बोटीवर.

श्रेयाने कंपनीचा कागद उलगडला. "दिवसा काय पण घाला म्हणतात, तिकडं उकडतं फार. पण दोन संध्याकाळी 'फॉर्मल' आहेत. पुरुषांना कोट, बायकांना गाऊन, नाहीतर आपला पारंपरिक पोशाख."

सासू बायडाबाई उंबऱ्याशी बसून सुपारी कातरत होती. "बोटीवर लगीन हाय का कुनाचं?"

"नाही आत्या, नुसतं जेवण."

"जेवायला कोट? आन् बाहीवर कालवन सांडलं मंजी?"

"ह्यांनी शिवायलाही टाकला. माप देताना पोट आत ओढून उभे होते."

बायडाबाई हसली. इंद्रायणीही हसली, जरा उशिराने.

तिच्या मनात कायम दोन रकाने मांडलेले असायचे. श्रेयाच्या रकान्यात दुकान, स्कूटी, इंग्रजी शाळेत जाणारी लेक, आणि आता एक अख्खी बोट. आपल्या रकान्यात टोमॅटोचं रान, सासूचं पथ्यपाणी, आणि ती पैठणी. माहेरची, येवल्याहून आणलेली. अख्ख्या राजुरीत तशी दुसरी नव्हती. लग्नकार्यात ती नेसून इंद्रायणी निघाली, की श्रेया आपसूक दोन पावलं मागे चालायची. तेवढ्यापुरते रकाने जुळायचे. आता ती पैठणीही बोटीत बसून निघाली होती, आणि श्रेयाच्या अंगावर.

"बघते," म्हणत ती आतल्या खोलीत गेली. ट्रंकेचं झाकण उचललं, वरची मलमल सारली. पैठणी होती तशीच होती. पदरावरचे मोर टकमक बघत होते. तिने मलमल परत ओढली, झाकण लावलं आणि तोंड उतरवून बाहेर आली.

"आत्ता बघितली गं. घडीवर विरलीय पार. नेसलीस तर जेवता जेवता फाटायची. चार परक्या मानसांत तुझीच शोभा व्हईल, म्हनून सांगते."

श्रेयाचा चेहरा पडला. इंद्रायणीच्या जिवाला थंडावा मिळाला. पण तो थंडावा पुरता खाली उतरायच्या आतच श्रेया उजळली.

"विरलीय? मग तर बरंच झालं, ताई."

"बरं?"

"जुन्नरला माझ्या माहेराशेजारी एक बाई जुन्या पैठण्यांचे गाऊन शिवते. पदर पुढं घेते, काठ खाली लावते. लई सुंदर दिसतं. चांगल्या पैठणीला कात्री लावू का, असं विचारायची माझी छातीच झाली नसती. पण विरलीच आहे म्हटल्यावर…"

"दे की मग," बायडाबाई म्हणाली. "गोधडीत घालायची ती बोटीत जाईल. तिचं तरी नशीब."

इंद्रायणी उभीच राहिली. माहेरी दिली म्हणावं, तर ट्रंकेचं झाकण दोघींनी वाजलेलं ऐकलं होतं. नाही देत म्हणावं, तर फाटक्या चिंधीला जीव लावून बसली, असं भावकीत बोललं जाणार. आणि खरं सांगावं, तर ते श्रेयालाच सांगायचं होतं.

"आनते," ती म्हणाली. या वेळी तिने दार ओढून घेतलं.

पैठणी मांडीवर घेऊन तिने घडी दोन्ही हातांत धरली आणि ताणली. रेशीम हललं नाही. विणणाऱ्याने काही कमी ठेवलं नव्हतं. तिने शिलाई मशीनच्या खणातून कात्री काढली, घडीवर बारीकसा काप दिला, डोळे मिटले आणि ओढलं.

बाहेर अडकित्ता थांबला.

एक घडी विरते आणि शेजारची धडधाकट राहते, असं कोण मानेल? तिने दुसरी घडी धरली.

ती बाहेर आल्यावर श्रेयाने पैठणी उलगडली आणि फाटक्या जागेवरून हळूच बोट फिरवलं. "खरंच की हो. जीव तुटतो बघून. पण पदर शाबूत आहे, ताई. काठही." तिने पैठणी पिशवीत नीट ठेवली. "बोटीवरचा फोटो मोठा करून आणते. भिंतीला लावा. तुमचीच पैठणी आहे शेवटी."

स्कूटी वळणावरून दिसेनाशी झाली. इंद्रायणी लसणापाशी येऊन बसली. एक पाकळी सोलली, दुसरी घेतली. नखात जांभळा धागा अडकला होता. तो काही केल्या निघेना.

बायडाबाईने अडकित्ता बाजूला ठेवला. जुनी लुगडी फाडून गोधड्या शिवण्यात तिचा जन्म गेला होता.

"विरलेलं लुगडं फाडताना आवाज व्हत न्हाई, इंद्रे," ती म्हणाली, आणि सुपारीचं एक खांड तिच्या हातावर ठेवलं.