सांभाळायला दिलेली माती

जयलक्ष्मीने अजून दारात कोलमची रांगोळी काढली नव्हती. उजाडल्यापासून ती अंगणात नुसती येरझाऱ्या घालत होती. आज तिची थोरली जाऊ वसुमती ट्रॅक्टर घेऊन आपली माती परत न्यायला येणार होती. आणि माती द्यायची नाही, असं जयलक्ष्मीने ठरवलं होतं.

वाटणीत थोरल्या घराला कालव्याकाठचं काळंभोर शेत गेलं होतं. धाकट्या घराच्या वाट्याला आला शेजारचा खारवट तुकडा. उन्हाळ्यात त्यावर मीठ सांडल्यासारखं दिसे. लग्न होऊन आल्यापासून जयलक्ष्मी बांधाच्या अलीकडे उभी राहून ते शेत बघत आली होती. बोलली कधी नाही, पण विसरलीही नाही.

मग थोरले दीर वारले. तंजावरभोवती तेव्हा नव्या वसाहती उठत होत्या, वीटभट्ट्यांना चिकणमाती पुरत नव्हती. एका भट्टीवाल्याने वसुमतीचं शेत दोन वर्षांसाठी मागितलं. वरची कसदार माती तो आधी काढून बाजूला ठेवणार, खालची चिकणमाती नेणार, आणि काम संपलं की वरची माती पुन्हा शेतावर पसरून देणार, असं ठरलं. माती भट्टीवाल्याच्या ताब्यात ठेवायला वसुमती तयार नव्हती. ती जयाच्या तुकड्यावर राहील, म्हणाली. जयलक्ष्मी हो म्हणाली. कागद वगैरे कुणी केला नाही. जावाजावांत कसला कागद.

माती उंच रचली तर आतून मरते, म्हणून ती गुडघाभरच पसरली. खालच्या खारात मिसळू नये म्हणून आधी पेंढा अंथरला. वर ताग पेरला. ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या सुमारास, पावसाने माती धुपू लागली, तेव्हा डोक्यावर पोतं घेऊन जयलक्ष्मीच कडेकडेने नारळाच्या झावळ्या दाबत फिरली. दुसरा पावसाळा सरला आणि तिने ताग तिथेच गाडून उडीद टाकला. तो असा फोफावला, की बसमधले लोक माना वळवून बघत. तिच्या तुकड्यावर पहिल्यांदाच काहीतरी पिकलं होतं. तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं.

तिचा भाऊ नटराज पापनाशमहून येऊन तिला पढवून गेला होता. पेंढा कधीच कुजला, म्हणाला. तिची माती कुठे संपते आणि तुझी कुठे सुरू होते, हे आता कोण सांगणार? रामस्वामींना घेऊन येतो, असंही तोच म्हणाला. गावातल्या सगळ्या हद्दी त्या म्हाताऱ्याला तोंडपाठ होत्या. त्यांचा शब्द दोन्ही घरं मानत. जयलक्ष्मीच्या नवऱ्याला हे पटत नव्हतं. तो न जेवताच कामावर निघून गेला होता.

वसुमती आली, पण ट्रॅक्टर नव्हता. एकटीच चालत आली. पायांना ओली वाळू लागलेली. तिने जयलक्ष्मीचा हात धरला आणि तिला बांधापलीकडे आपल्या शेतात नेलं.

दोन वर्षांत जयलक्ष्मी इकडे फिरकली नव्हती. तिचं सगळं लक्ष अलीकडच्या मातीवर. आता पायाशीच जमीन तुटली होती, आणि खाली माणूस बुडेल एवढा खड्डा होता. त्याच्या तळाशी चिकणमाती नव्हती, वाळू होती. भट्टीवाल्याने ठरल्यापेक्षा खोल खणलं होतं. काल पंप लावून पाणी सोडून पाहिलं तर सकाळपर्यंत सगळं जिरून गेलं, असं वसुमतीने सांगितलं. यात भाताला पाणी ठरणार नाही. वर माती पसरली तर तीही पाण्याबरोबर खाली जाईल. आधी तळ्यातला गाळ आणून बूड पक्कं करायला हवं, त्यात वर्ष जाईल. भट्टीवाला म्हणत होता, त्यापेक्षा वरची मातीही मलाच द्या, नव्या घरांच्या बागांना हवीच आहे.

"मग काय सांगितलंत, आक्का?"

"म्हटलं, ती जयाकडे आहे. तिला काही होणार नाही." वसुमतीने डोळे पुसले. "अजून वर्षभर ठेवशील?"

जयलक्ष्मीला आता भांडायचीही गरज नव्हती. नुसतं हो म्हणायचं होतं. वर्षाची दोन वर्षं झाली असती, वसुमती थकली असती, खड्ड्यात लव्हाळे माजले असते, आणि माती कुणी मागितलीच नसती. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण ज्या शेतापायी इतकी वर्षं ती मनातल्या मनात जळली होती, ते पायाशी असं उघडं पडलेलं बघून तिने वसुमतीचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात मोपेड वाजली. नटराज रामस्वामींना मागे बसवून आला होता. मातीचा निकाल आजच लागू दे, असं त्याने आल्या आल्या सगळ्यांदेखत सांगून टाकलं. वसुमतीच्या सारं लक्षात आलं. तिने जयलक्ष्मीच्या हातातला आपला हात हळूच सोडवून घेतला.

रामस्वामी जयलक्ष्मीच्या तुकड्यावरची मूठभर माती घेऊन बांध उतरून आले. ती त्यांनी बोटांत चुरली, हुंगली.

"नीट विचार करून सांग, अम्मा," ते म्हणाले. "मी एकदा शब्द दिला की तो फिरवत नाही. ही माती कुणाची?"

जयलक्ष्मीने भावाकडे पाहिलं नाही.

"आक्कांची," ती म्हणाली. "पण अय्या, तुमचा शब्द मला हवाच आहे. उद्या मी ती माझी म्हणू लागले, तर माझं ऐकू नका."