दोन-चारच्या बांगड्या

दीपनगरच्या वीजकेंद्रात फिटर असलेल्या यादवची हत्यारांची पेटी घसरून भागाबाईच्या माहेरच्या बांगड्यांचा चुरा झाला आणि तिने नवऱ्याशी अबोला धरला.

वाचलेली एकुलती बांगडी यादवने गुपचूप व्हर्नियरने मोजली. साठ पूर्णांक तीन मिलिमीटर. पंचवीस पूर्णांक चारने भागल्यावर जवळजवळ दोन पूर्णांक चार इंच आले. नमुना नेण्याची त्याला गरजच वाटली नाही. कासाराकडे जाऊन त्याने ऐटीत दोन-चारच्या बांगड्या मागितल्या.

भागाबाईने न बोलता एक चढवून पाहिली. ती अंगठ्याच्या सांध्यापाशीच अडली. यादव तसाच उलट पावली दुकानात गेला.

"भाऊ, हे दशांश नव्हेत," कासार हसत म्हणाला. "दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर इंचाच्या सोळा भागांपैकी चार. तुम्हांला दोन-सहा लागेल."

आकडेमोडीतली चूक जशीच्या तशी कबूल करायची, असे मनाशी घोकत यादव घरी परतला. दारातच भागाबाई उभी होती. अडलेली बांगडी तिने अजून बोटांवरून काढली नव्हती.

"दोन-चारन्या ते मी लगीनमा भरेल व्हत्यात," ती लाजत म्हणाली. "आजूनबी तुमले मी तितलीच बारीक दिखस का वो?"



यादवने दोन-सहाचा डबा पाठीमागे लपवला. "मंग? मापमा मी कधी चुकस का?"