हुकाजवळचा माणूस

रणगाडा पार पोटापर्यंत चिखलात रुतला होता. तो तसा मनासारखा रुतवायला सुनेनं कितीतरी रविवार घालवले होते.

चिखल म्हणजे दातांच्या साच्यांचं प्लास्टर आणि त्यात कॉफीची पूड. तिचा धंदाच कवळ्या बनवायचा. सासऱ्यांच्या तोंडातले दात तिनं केलेले, आणि आता टेबलावरची ही लढाईही तिचीच. वीतभर लांबीचा रणगाडा. मागे त्याला तारेनं ओढणारी रिकव्हरीची गाडी, पुढे हात वर करून इशारे देणारा शिपाई. आणि रणगाड्याच्या झाकणातून डोकं बाहेर काढून त्या हातांकडे बघणारा ड्रायव्हर. तो ड्रायव्हर म्हणजे तरुणपणीचे अण्णा, तिचे सासरे.

काम घाईचं होतं. अण्णांना समोरचं मधलं दिसेनासं झालं होतं. उरलं होतं ते कडेकडेचं, आणि तेही फार दिवस टिकायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. त्यावर अण्णा ना रडले, ना कुणावर चिडले. "डोळे जायच्या आधी लढाईतला तो दिवस मला एकदा बघू दे," एवढंच सुनेला म्हणाले. दुसऱ्या कुणाला सांगून काय उपयोग? मुलाला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही.

आज दुपारी तिनं टेबल खिडकीशी ओढलं, अण्णांना खुर्ची दिली, हातात भिंग दिलं. अण्णांनी मान तिरकी केली, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला सुरुवात केली.

"अगं, पट्ट्यात गवतसुद्धा अडकलंय! हे कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. कवळीचं माप घेताना. तोंडात माझे दोन्ही हात होते, तरी तुम्ही बोलत होतात."

अण्णा खूश झाले. भिंग हळूहळू रणगाड्याच्या मागच्या टोकाला, तार अडकवलेल्या हुकाशी आलं आणि तिथंच थांबलं.

"तो कुठाय?"

"कोण?"

"हुकाजवळचा."

सून जरा चाचरली. "केला होता अण्णा. पण मग काढून टाकला. तार ताणलेली असताना जवळ कुणी उभं राहायचंच नसतं ना. तुटली तर माणूस चिरला जातो. रणगाड्यांच्या पुस्तकात मोठ्या अक्षरांत छापलंय. मला वाटलं, इतक्या वर्षांनी तुमच्या आठवणीत काहीतरी गडबड झाली असेल."

"पुस्तक बरोबरच आहे. आम्हालाही तेच शिकवलं होतं." अण्णांनी भिंग खाली ठेवलं. "पण हुकाची पिन वाकली होती. तार ताणली की ती निसटायची. वरून तोफा चाललेल्या. शेवटी तो पहार घेऊन तिथंच उभा राहिला, पिन दाबून धरून. रणगाडा बाहेर आला. मी खाली उतरतोय तोवर ते रिकव्हरीवाले पुढचा रणगाडा ओढायला निघूनही गेले. नाव नाही, गाव नाही. साधं 'बरं झालं रे बाबा' म्हणायचं राहून गेलं. आणि नेमका त्यालाच तू काढून टाकलास होय? अगं, तो नसता तर तू लग्न कुणाशी केलं असतंस?"

सुनेला हसू आलं, आणि मग आलेलं हसू तिथंच थांबलं. नवरा, मुलं, हे घर, खिडकीतलं हे टेबल, सगळं एका वाकड्या पिनेवर अडकून होतं म्हणायचं. आपण त्या माणसाला काडेपेटीत घालून वर सामान ठेवलं, याची तिला लाज वाटली.

तिनं काडेपेटी उघडली. करंगळीच्या पेराएवढा माणूस, हातात पहार. त्याला तिनं हुकाशी उभं केलं, डिंकाचा थेंब लावला. मग बारीक कुंचला घेतला.

"चेहरा कसा रंगवू?"

"मला काय ठाऊक? ड्रायव्हरनं इशारेवाल्यावरून नजर हलवायची नाही, असा नियम. मी नाही हलवली. पहारीचं मला नंतर इशारेवाल्यानं सांगितलं. मागून फक्त आवाज ऐकला. 'घे भाऊ, घे, मी आहे इथं.'"

सुनेनं थोडा विचार केला आणि कुंचल्याच्या टोकानं प्लास्टरचा चिखल त्या चेहऱ्यावर लावला. अण्णांनी मान डोलावली. मग चाचपडत त्यांचं बोट झाकणातल्या ड्रायव्हरवर आलं.

"आता माझी मान फिरव. मागं, त्याच्याकडं."

"आणि नियम?"

"त्यानं मोडला म्हणून तर मी वाचलो. मलाही मोडू दे की एकदा."

दात कापायची नाजूक करवत तिनं ड्रायव्हरच्या मानेला लावली. टक् झालं आणि मुंडकं टेबलावर घरंगळलं.

"घ्या!" अण्णा म्हणाले. "शत्रूला जमलं नाही ते सुनेनं करून दाखवलं!"

हसता हसता तिनं मुंडकं चिमट्यात धरलं, डिंक लावला आणि मागे वळवून मानेवर बसवलं. आता सुकेपर्यंत हात हलवायचा नव्हता. अण्णांनी भिंग उचललं, स्वतःचीही मान तशीच तिरकी केली आणि ते अगदी जवळ वाकले. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

तिच्या बोटांना रग लागली. डिंक केव्हाच सुकला होता.

"अण्णा, चिकटलं. सोडू का?"

"थांब गं जरा," अण्णा भिंगातून नजर न काढता म्हणाले. "आमचं बोलणं चाललंय."