बाहेर बघायचं नाही

मच्छिंद्र पाण्याच्या टँकरच्या आडोशाला उभा राहिला आणि त्यानं टोपी भुवयांपर्यंत ओढली. इथून मैदान निम्मंच दिसत होतं. पण त्या निम्म्यात प्राची होती, तेवढं त्याला पुरे होतं. पोटच्या पोरीपासून असं लपायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. मच्छिंद्रनं मात्र ती आपल्या हातानं ओढवून घेतली होती.

पुण्याच्या क्लबनं प्राचीला दौंडहून उचललं, तेव्हा रेल्वे कॉलनीत घरोघर पेढे वाटणारा हाच. फुटबॉल तिला शिकवला तोही यानंच. आई लहानपणीच गेलेली, घरात दोघंच. यार्डात डबे जोडायची-सोडायची ड्यूटी संपली की बापलेक रेल्वेच्या मैदानावर हजर. ती पळायची आणि हा कडेच्या रेषेवरून ओरडायचा. वळ. सोड. डावीकडं दे. पोरगी बापाचा शब्द खाली पडू द्यायची नाही. बापाला वाटायचं, किती गुणाची पोर.

आणि इथंच घोडं पेंड खात होतं. क्लबच्या कोच नीलम मॅडम. बाई सरळ, मनात एक आणि ओठांवर एक असलं काही नाही. एका मॅचनंतर त्यांनी मच्छिंद्रला बाजूला घेतलं, चहा पाजला आणि सांगून टाकलं.

"काका, पायात तिच्या जादू आहे. पण बॉल आला की ती आधी तुमच्याकडे बघते आणि मग खेळते. तेवढ्यात बॉल जातो. मोठ्या टीममध्ये हे नाही चालत."

मग मी काय करू, असं मच्छिंद्रनं विचारलं नाही. त्याला कळायचं ते कळलं. त्या दिवसापासून त्यानं मॅचला जाणं बंद केलं. प्राचीला खरं कारण सांगायची सोय नव्हती. पोर हळवी. बाप आपल्यापायी घरी बसलाय हे कळलं असतं, तर ती त्याच्या रिकाम्या जागेकडं बघत खेळली असती. म्हणून तो थापा मारत गेला. कधी सुट्टी मिळाली नाही, कधी गुडघा धरलाय, कधी निमोण्याला चुलत्याच्या घरी कार्य आहे. आधी ती रडली. मग फुगून बसली. मग तिनं विचारायचंच सोडलं. फोन यायचा, जेवलात का एवढं विचारायचा आणि बंद व्हायचा.

क्वार्टरमध्ये मच्छिंद्र एकट्यापुरता भात टाकायचा, टीव्हीवर मॅच लावायचा आणि टीव्हीलाच म्हणायचा, अगं वळ की. फार एकटा पडला होता तो. शेजारचे म्हणायचे, पोरीला पुण्याचं वारं लागलं, बापाला विसरली. तो ऐकून घ्यायचा. मनाशी त्यानं एक ठरवून ठेवलं होतं. पोरीला मोठ्या टीममध्ये घेतलं की त्याच दिवशी तिला सगळं सांगायचं. चिडली तर चिडू दे, हसली तर हसू दे. त्या एका दिवसाच्या भरवशावर तो बाकीचे दिवस ढकलत होता.

तो दिवस आज उजाडला होता, निदान उजाडेल अशी आशा होती. क्लबनं स्वतःच्या हाताखाली वाढवलेल्या पोरींतून एकीलाच मोठ्या टीमचा करार मिळणार होता. बाकीच्यांनी सामान आवरून घरी जायचं. मॅडमनीच हे फोनवर सांगितलं होतं, आणि मग मच्छिंद्रला दौंडात बसवेना.

दुसऱ्या हाफमध्ये चेंडू प्राचीकडं आला. गोलकडं तिची पाठ, दोघी तिच्या अंगावर. मच्छिंद्रच्या घशात 'डावीकडं' आलं. त्यानं रुमाल तोंडात कोंबला. प्राचीनं बाहेर पाहिलं नाही. तिनं चेंडू पायांमधून तसाच मागं जाऊ दिला, उजवीकडून गर्रकन वळली आणि थेट जाळ्यात मारला. हे त्यानं तिला कधीच शिकवलं नव्हतं. डावीकडं तर तिसरी पोरगी टपून बसली होती. बापाचं ऐकलं असतं तर चेंडू गेलाच होता.

मच्छिंद्र स्वतःशी हसला. मग त्याचे डोळे भरून आले. शेवटची शिट्टी व्हायच्या आधीच तो निघाला, कारण आता जर तो तिला दिसला असता तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं.

दौंडची गाडी उरुळीला थांबली होती, तेव्हा फोन वाजला.

"पप्पा, घेतलं मला."

हा गाडीचा आवाज कुठला, असं तिनं विचारलं. यार्डात हाय, तो कसाबसा म्हणाला. मग त्यानं घसा साफ केला. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं ओठांवर आलं होतं.

पण तिचंच बोलणं संपेना. येत्या रविवारी मोठ्या टीमकडून पहिली मॅच आहे. तिथल्या कोचनं सगळ्यांसमोर तिला विचारलं, म्हणे, की तुझी ती बाहेर बघायची सवय गेली कशी?

"मग? काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. म्हणलं, बाहेर बघून करू काय? तिथं माझं कोण नसतंय."

गाडी हलली. मच्छिंद्रला रविवारची मॅच दिसली. चेंडू प्राचीकडं येताना दिसला, आणि आता सांगून टाकलं तर त्याला शोधत बाहेर वळणारी तिची नजरही दिसली.

"बरोबर हाय, पोरी," तो म्हणाला. "कोण नसतंय."