सांडव्यातला दगड

मबरूकाने पहार घातली आणि दगड हलला. तिजानीच्या सांडव्यातला हा दगड तीन वर्षं तिच्या डोळ्यांत सलत होता. मत्माताच्या कोरड्या डोंगरांत घळीत बांधाखाली बांध असतात. वरच्याने हातभर पाणी अडवावं, उरलेलं सांडव्यातून खालच्याच्या जैतुनाच्या झाडांना सोडावं, असा रिवाज. वरच्या बांधाच्या तिजानीने मात्र सांडव्यात दगड चढवला, तोही तिच्या नवऱ्याने, बेल्गासेमने, अंथरूण धरलं त्याच वर्षी. गावाने अर्थ लावायला वेळ घेतला नाही. धनी आडवा झाला, शेजारी सोकावला.

बेल्गासेम मात्र गप्प. मबरूका उशाशी बसून तिजानीचा उद्धार करायची, तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. भित्रा, असं ती म्हणूनही बसली होती. महिन्यापूर्वी तो गेला. ती रडली नाही.

"डोळ्यांतलं पाणीसुद्धा झाडांना राखून ठेवलंय बाईनं," बायका म्हणाल्या, तिला ऐकू जाईल अशा बेताने. तिला राग आला नाही. हसूही नाही.

आज डोंगरावर काळं भरून आलं, तशी ती पहार घेऊन वर चढली. चौदा झाडं उरली होती. यंदाही कोरडी राहिली तर त्यांचं सरपणच व्हायचं.

दगड गडगडत घळीत गेला. तिजानी धापा टाकत आला.

"वहिनी, काय केलंस हे!"

"माझं पाणी सोडवलं."

"अगं, तो दगड बेल्गासेमनेच बसवायला लावला! तुमचा बांध उंदरांनी आतून पोखरलाय. म्हणाला, झाडं एक वेळ तहान काढतील, पण बांध फुटला तर माती जाईल, झाडांसकट. वर म्हणाला, हिला सांगू नकोस, एकटी मातीच्या पाट्या वाहत बसेल; उठलो की मीच बुजवीन. त्याचा चाळिसावा दिवस झाला की मी माणसं घेऊन येणारच होतो."

वर घळ गरजली. दुसरा दगड शोधायला वेळ नव्हता. मबरूका सांडव्यात उतरली, वरच्या अंगाला पाठ करून बसली आणि दोन्ही पाय कडेच्या दगडांना रोवले.

"भावजी, माती टाका! बघताय काय?"

पाणी आलं आणि तिच्या पाठीवर आदळलं. ते गार होतं. महिन्याभरात तिला जाणवलेली ही पहिली गोष्ट.