मनगटातली फट

चार वर्षांपूर्वी पोलिसांचे सारखे फोन येत होते, म्हणून डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या मुलीच्या वयाच्या दाखल्यावर ‘अठरा पूर्ण’ असं लिहून दिलं. मुलगी बालसुधारगृहाऐवजी मोठ्यांच्या तुरुंगात गेली आणि महिन्याभरात तिथेच वारली.

आज आईच्या अर्जावर चौकशी होती. ती दाराशी जन्मदाखला घेऊन उभी होती. टेक्निशियनबाईंनी मुलीच्या हाताची जुनी एक्स-रे फिल्म शोधून आणली.

"लहान वयात असते ती फट दिसणार, साहेब," त्या हळूच म्हणाल्या. "मनगटाची हाडं जुळलीच नव्हती तिची. तेव्हाच सांगत होते मी."

डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली. फट कुठेच नव्हती, हाडं पक्की जुळलेली होती. त्यांचा जीव भांड्यात पडला. "बघा! मी काय उगाच लिहिलं होतं?"

बाई मात्र फिल्मच्या कडेकडे बघत राहिल्या. तेव्हा अख्खा पंजा आरामात मावला होता. आता बोटांची टोकं बाहेर गेली होती.

आई पुढे आली. फिल्म बघून तिला जराही नवल वाटलं नाही.

"काल अठरा पूर्ण झाली तिला," ती म्हणाली. "केवढा वाढलाय हो हात पोरीचा!"